ताई, डोस उतरलाय

१८ जानेवारी

ताई,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. फोन नुसता कट करता येतो, पत्र निदान फाडावं तरी लागतं. आणि न वाचलेला कागद फाडणं तुझ्या जिवावर येतं, हे मला माहीत आहे.

मी बाळ ठेवतेय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

"मी तुला मरायला वाढवलेलं नाही. आता तुझं तू बघ." एवढं बोलून तू फोन ठेवलास तो ठेवलासच. माणसं रागात काहीतरी बोलतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. पण तू पडलीस वसतिगृहाची रेक्टर. तुझा नियम म्हणजे नियम, उशिरा आलेल्या मुलीला गेट बंद. मी कशाला उशिरा आले, तेवढं तरी सांग.

डोळे मिटून उडी मारलेली नाही मी. शुगरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. डोळे, किडनी, बाळाचं हृदय, बाळाचं वजन, काही लपवलं नाही. म्हणाल्या, "सोपं नाही, पण अशक्यही नाही. ही एक नोकरी आहे असं समजा. फक्त हिच्यात सुट्टी नाही." उठल्यापासून झोपेपर्यंत बोटं टोचायची, प्रत्येक खाण्याआधी पेननं इन्सुलिन घ्यायचं, झोपताना ते दुसरं, सावकाश चालणारं. मी आठव्या वर्षापासून दुसरं काय करतेय? तेव्हा तू टोचायचीस आणि मी पाय झाडायचे. "हल, अजून हल, सुई वाकली की दुसरी टोचते," असं म्हणायचीस. तुझं स्वतःचं तेव्हा बारावीचं वर्ष होतं.

कामावर, लॅबमध्येही सांगितलं. कवळ्यांचं अॅक्रिलिक शिजवतात त्या खोलीतला वास गरोदर बाईला चांगला नाही, म्हणून मालकांनी मला मेणाच्या टेबलावर बसवलंय. मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवत जायचं. सकाळी काम सुरू केलं की दुपारपर्यंत कवळी माझ्याकडे बघून हसायला लागते. तुझ्यापेक्षा बरी.

नवरा खूश आहे. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला जिथं तिथं लिफ्ट दिसते. बाळाला तो 'पॅसेंजर' म्हणतो. "पॅसेंजर चढलाय, आता मध्ये कुठं थांबायचं नाही," असं पोटाला सांगून कामावर जातो. सासूबाईही खूश आहेत, फक्त मी सुई काढली की त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवतात.

साखर छान आहे. लो अजिबात होत नाही. काळजी नसावी.

तुझी,
धाकटी


२ मार्च

ताई,

अक्षर वाकडं आलंय. कोपराला पट्टी आहे. कोपराचं विशेष काही नाही.

पहिलं स्कॅन झालं. पॅसेंजर शेंगदाण्याएवढा होता, आता मुठीएवढा आहे. हृदय नीट बघायला अजून अवकाश आहे, पण ते चालतंय. घोड्यासारखा आवाज येतो. नवरा म्हणाला, "मोटर चांगली आहे, जुनी वाटत नाही."

सुई पोटातच घ्यायची. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, बाळाला लागणार नाही ना? त्या हसल्या. म्हणाल्या, "सुई एवढीशी आणि बाळ केवढं आत!" मला पटलं. तरी टोचताना मी कातडी चिमटीत धरून इतकी बाहेर ओढते, की सासूबाई म्हणतात, "अगं, शर्टाचं बटण तोडायचंय का?" म्हणजे हल्ली त्या स्वयंपाकघरात जात नाहीत, दारातून बघतात.

बरं, कोपराचं. तू शेवटी शोधून काढशीलच, म्हणून सांगते. मागच्या पत्रात लो होत नाही असं लिहिलं ते खोटं होतं. पहिल्या तीन महिन्यांत साखर अशी खाली जाते की पायाखालची फरशीच कुणीतरी काढून घ्यावी. पूर्वी मला आधी घाम यायचा, हात थरथरायचे, कळायचं. आता ते काही होत नाही. लॅबमध्ये एकदा मी डावीकडचे सुळे उजवीकडे बसवले आणि शेजारच्या पॉलिशवालीला म्हणाले, "हा माणूस आरशात बघूनच हसतो ना, मग बरोबर आहे." ती आधी हसली. मग माझ्या डोळ्यांकडे बघून उठली आणि चहातली साखर कोरडीच माझ्या तोंडात भरली.

कोपर न्हाणीघरातलं. दार आतून बंद होतं. नवऱ्यानं बिजागरी काढून दार उतरवलं. शुद्धीवर आले तेव्हा तो माझ्या तोंडाला साखरेचं पाणी लावत होता आणि सासूबाई मोठ्यानं रडत होत्या. आता आमच्या न्हाणीघराला कडी नाही. घरातला प्रत्येक जण आत जाताना गाणं म्हणतो. सासूबाईंना एकच गाणं येतं.

हसलीस? थोडी?

धाकटी


२७ एप्रिल

ताई,

आज चांगलं काही नाही. पॉलिशवालीला सांगितलं तर ती म्हणेल सगळ्याच बायकांना होतं, नवऱ्याला सांगितलं तर तो रजा टाकेल, म्हणून तुला लिहितेय.

लो होण्याचे दिवस संपले, आता उलटं सुरू झालंय. बाळाला पोसणारी वार इन्सुलिनशी भांडते, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. वार जितकी वाढेल तितकं भांडण मोठं, म्हणून दर आठवड्याला डोस वाढवायचा. पूर्वी दिवसभरात घ्यायचे तेवढं आता एका जेवणाला घेते. तरी काल चार घास भात खाल्ला आणि साखर बघितली, तर आकडा असा होता की मी यंत्रच भिंतीवर फेकलं. यंत्राला काही झालं नाही. भिंतीचा पोपडा निघाला.

एक आकडा वाईट आला की वाटतं, आत्ता, या क्षणी, मी त्याला काहीतरी वाईट पाजलंय. त्याला तोंड वळवता येत नाही. मी देईन ते त्याला घ्यावंच लागतं. बाकीच्या बायका गरोदर असतात, ताई. त्यांना डोहाळे लागतात, त्या आडव्या पडतात, आरशात पोट बघतात. मी गरोदर नाही, मी पहाऱ्यावर आहे.

बोटांची टोकं बधिर झाली आहेत. मेण किती मऊ झालंय हे मला बोटानं कळायचं, आता चटका बसल्यावर कळतं. मालक बोलत नाहीत. माझी एक कवळी त्यांनी गुपचूप दुरुस्त करताना मी पाहिली.

नवऱ्याशी भांडले. तो एवढंच म्हणाला, "आजचा आकडा काय?" मी म्हटलं, "मी कशी आहे हे एकदा तरी विचार, आकडा काय विचारतोस!" त्यानं यंत्र बाजूला ठेवलं. जरा वेळानं म्हणाला, "तू कशी आहेस?" मी म्हटलं, "आकडा वाईट आहे." मग दोघंही रडलो. सासूबाईंनी आमच्याकडे बघून गॅस बंद केला आणि त्याही येऊन बसल्या.

तुझी पत्रं येत नाहीत. पण माझी परतही येत नाहीत, म्हणजे तू ती घेतेस. चुलीत टाकतेस का उशाखाली ठेवतेस, ते तुझं तुला माहीत.

तो हलतो आता. हे सांगायचं राहिलं. आतून कुणीतरी टिचकी मारावी तसं.


९ जून

ताई,

हृदयाचं मोठं स्कॅन झालं. चारही कप्पे बरोबर आहेत. डॉक्टर एकेक कप्पा दाखवत होत्या आणि मला मात्र वसतिगृहातली तुझी खोली आठवत होती. पलंग, टेबल, कपाट, मोरी. तीही अशीच, सगळं असलेली आणि लहान.

पॅसेंजर वजनदार आहे, वयाच्या मानानं जास्त. नवरा ओव्हरलोडची घंटी वाजवून दाखवतो. आमच्यासारख्यांची बाळं मोठी दिसतात, पण मोठं म्हणजे पिकलेलं नव्हे, असं डॉक्टरांनी बजावलंय. फुफ्फुसं उशिरा तयार होतात. म्हणून जितके दिवस आत राहील तितकं बरं, पण फार दिवसही नकोत. या आजारात सगळंच असं आहे. साखर जास्त नको, कमी नको. बाळ लवकर नको, उशिरा नको. मी दोरीवर चालतेय आणि खाली सगळे नातेवाईक माना वर करून उभे आहेत. तू नाहीस. तू तर बघायलाही आली नाहीस.

रागावून लिहिलं. खोडत नाही.

मी थकलेय, ताई. परवा पहिल्यांदा मनात आलं, तुझं ऐकायला हवं होतं. लगेच त्यानं आतून लाथ मारली. मी माफी मागितली, तुझी नव्हे, त्याची.


२९ जून

ताई,

आज तुला चांगली बातमी. खाली बस आणि वाच.

डोस उतरलाय! गेला आठवडाभर साखर अशी शहाण्यासारखी वागतेय की विश्वास बसत नाही. आधी वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून नवऱ्याचं बोट टोचून बघितलं. तो म्हणाला, "यंत्र चांगलंय, मी मात्र बिघडलो." रोज थोडं थोडं इन्सुलिन कमी केलं तरी आकडे खालीच. दोनदा लो झालं, पण मी वेळेत खाल्लं. इतकी वर्षं या शरीराशी झगडले, शेवटी त्याला माझी दया आली बहुतेक. सासूबाईंनी माझी दृष्ट काढावी तशी त्या यंत्रावरून हात फिरवून बोटं मोडली.

डॉक्टरांकडे पुढच्या सोमवारी जायचंय. तेव्हा सांगेन, शाबासकी घेईन. फोन करावासा वाटला होता, पण चांगलं चाललंय हे सांगायला कोण फोन करतं? आणि खरं सांगू, हे काही दिवस मला माझ्याजवळच ठेवायचे आहेत. काल मी जेवले आणि आकड्याची भीती वाटली नाही. भात खाल्ला, ताई. नुसता भात, मीठ घालून. किती गोड लागतो भात.

पॅसेंजरही शांत झालाय. जागा कमी पडत असेल आता.

या वेळी तरी लिही. एक ओळ लिही. 'बरं झालं' एवढंच लिही.

तुझी लाडकी
(होते ना गं?)


१६ जुलै

ताई,

तू आलीस तिथपासूनचं सगळं तुला माहीत आहे. त्याआधीचं तुला कुणी सांगितलं नसेल, आणि त्या दाराआडचंही नाही. ते सांगायला लिहितेय.

रविवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा नवरा दाढी करत होता. तुझं नाव बघून त्यानं फेसाळ हातानं फोन माझ्याकडे धरला. मला इतका आनंद झाला की मी फेसासकट फोन कानाला लावला. तू 'कशी आहेस' नाही म्हणालीस.

"डोस किती उतरलाय?"

मी सांगितलं.

"बाळ हलतंय?"

"हलतंय. जरा कमी."

"जरा म्हणजे किती? आज हललंय का?"

मी पोटावर हात ठेवून थांबले. "ताई, उद्या अपॉइंटमेंट आहे आमची."

"आत्ता जा. उद्या नाही, आंघोळ करून नाही. आत्ता. त्याला फोन दे."

तुझा आवाज चिरकला होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. नवरा अर्ध्या दाढीनं निघाला. रिक्षात तो मला म्हणाला, "ताईंना हे कसं कळलं?" तेव्हा मला कळलं, की तू शुगरमधल्या गरोदरपणाचं सगळं वाचून काढलं होतंस. रागावून बसली होतीस आणि तिकडे एकटीनं माझ्याबरोबर महिने मोजत होतीस.

पोटाला पट्टा लावला. यंत्रातून कागद सरकत बाहेर येत होता. नर्स आधी गप्पा मारत होती, माझी साडी कुठली विचारत होती. मग तिनं कागद हातात धरून जवळून बघितला. तिनं दुसरीला बोलावलं, दुसरीनं डॉक्टरांना. घोडा हळू चालत होता, ताई. मध्येच थांबत होता. मीसुद्धा ऐकत होते.

बाळंतपणाच्या डॉक्टरांनी हात धुताना मला सांगितलं, "वार थकली आहे. ती इन्सुलिनशी भांडते म्हणून डोस वाढत होता. ती दमली, भांडण थांबलं." मी विचारलं, "मी आठवड्यापूर्वी आले असते तर?" त्या म्हणाल्या, "ते कुणालाच सांगता येणार नाही." दयाळू बाई आहे. तिनं खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी झाली. मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला आणि तिला घेऊन पळाले. इतके महिने आम्ही 'तो' म्हणत होतो.

तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलीस. काचेतून तिला बघून नर्सला म्हणालीस, "एवढी गुबगुबीत आहे, हिला काय झालंय?" नर्सनं सांगितलं, फुफ्फुसं कच्ची आहेत. आणि साखर कमी पडतेय. माझ्या रक्तातल्या साखरेची तिला सवय झाली होती. नाळ कापली आणि तिचं ताट एकदम ओढून घेतलं. तिच्या टाचेला टोचून साखर बघत होते. मी ते बघू शकले नाही. माझ्या बोटांची मला कधी कीव आली नाही. ती टाच माझ्या अंगठ्याएवढी होती.

आता दाराआडचं.

चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं, फुफ्फुसं साथ देत नाहीत, आता नळ्या काढतो, तुमच्याजवळ देतो. मी तुला हाक मारली. तू दाराबाहेर उभी होतीस. नवरा बाहेर आला, "ताई, चला," म्हणाला, तरी तू आत आली नाहीस. मला तेव्हा तुझा राग आला. अजूनही आहे. पण तू काय चुकवलंस ते तुला कळलं पाहिजे.

ती गरम होती. नळ्यांमुळे मला तिचा चेहरा पूर्ण कधी दिसलाच नव्हता. तिची हनुवटी तुझी आहे. मध्ये खळगा असलेली. मी तिला म्हटलं, "बाहेर मावशी उभी आहे, ती घाबरट आहे." नवरा म्हणाला, "पॅसेंजर," आणि तिच्या मुठीत आपलं बोट दिलं. तिनं एकदा तोंड उघडलं, जांभई द्यावी तसं. मला वाटलं, अजून एक देईल. मी वाट बघत राहिले. नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला वाटलं ती सांगतेय की तिला नीट धरा, म्हणून मी नीट धरलं.

एवढंच.

निघताना तू म्हणालीस, "माझ्याशी अबोला धरू नकोस." मी भिंतीकडे तोंड वळवलं. तुझं खरं झालं, ताई. तू म्हणाली होतीस तसंच झालं, फक्त माणूस बदललं. मरायची होते ती मी. तुझं खरं झालं हे मला सहन होत नाही. आणि तूही ते मोठ्यानं म्हणत नाहीस, हे तर त्याहून सहन होत नाही.


२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र सासूबाईंनी पोस्टात टाकायचं कबूल केलंय. दवाखाना सोडला तर मी अजून घराबाहेर पडलेले नाही. टाके बरे आहेत.

तू फोनवर विचारलंस, इन्सुलिन घेतेस ना? मी 'हो' म्हटलं आणि तू एक क्षण थांबलीस. तुला शंका आली, पण तू विचारलं नाहीस. पूर्वीची तू असतीस तर यंत्र फोनसमोर धरायला लावलं असतंस. तूही घाबरलीस आता. म्हणून मीच सांगते.

मागच्या आठवड्यात मी ते घेतलं नाही. विसरले नव्हते. पेन उशाशी होतं. आता अगदी थोडं लागतं, पूर्वी जेवढं लागायचं त्याहूनही कमी. तेवढं थोडं कुणासाठी घ्यायचं, ते मला सांगता येईना. एक दिवस गेला, दुसरा अर्धा गेला. तहान लागली, तोंडाला कोरड पडली, पोटात मळमळायला लागलं. पुढं काय होतं हे मला लहानपणापासून पाठ आहे. सासूबाईंना वाटलं दुःखानं पडलीय, त्यांनी पांघरूण घातलं. नवरा कामावर गेला होता. ती गेल्यापासून तो एक शब्दही विनोदाचा बोललेला नाही. मला शांत वाटत होतं. एवढं शांत की मला भीतीही वाटली नाही.

मग कूस बदलली आणि ब्लाउज ओला झाला.

दूध, ताई. जिभेला थुंकी नव्हती माझ्या, पाण्याचा थेंब अंगात टिकत नव्हता, आणि हे मूर्ख शरीर तिच्यासाठी दूध काढत बसलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला इतका राग आला की मी उठून बसले. भिंतीला धरून उभी राहिले आणि पेन घेतलं. जगायचं म्हणून नाही, तसा गैरसमज करून घेऊ नकोस. रागानं घेतलं. मग सासूबाईंना हाक मारली आणि म्हटलं, मला दवाखान्यात न्या. त्यांनी काही विचारलं नाही. शेजाऱ्याला गाडी काढायला लावली आणि सगळ्या रस्त्यात माझा दंड सोडला नाही. आल्यापासून पेन त्यांच्या पदरात असतं. जेवायच्या आधी त्या ते माझ्यापुढं धरतात आणि मी टोचेपर्यंत समोर उभ्या राहतात. रडतात, पण हलत नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर थांबा, मग पुन्हा बोलू. नवरा म्हणाला, बोलायचं काही नाही.

मला बरं वाटेल असं म्हणू नकोस. वचनही मागू नकोस. आज सकाळी घेतलं, दुपारी घेतलं. त्यापुढचं मला दिसत नाही आणि दिसतंय असं खोटं मी तुला आता लिहिणार नाही.

वसतिगृहाला सुट्टी लागली की ये. आलीस तर मला समजावू नकोस, नुसती शेजारी झोप.

काल दूध आटलं. एवढंच कळवायचं होतं. तुझ्याशिवाय कुणाला कळवू?